वाचकांचे प्रश्न : शिडाच्या बोटीवर चार्जर आणि इन्व्हर्टर नेमका कुठे बसवावा?

प्रश्न : माझ्याकडे ३४ फूट लांबीची, फायबरग्लासची जुनी शिडाची बोट आहे. ऑक्टोबर ते मे ती मुंबई बंदरात मूरिंगवर (तळाशी पक्क्या बांधलेल्या बोयाला) असते आणि पावसाळ्यात यार्डात किनाऱ्यावर घेतलेली असते. २०० अँपियर-अवरच्या दोन १२ व्होल्टच्या एजीएम (पातळ आम्ल न सांडणाऱ्या, बंद) बॅटऱ्या समांतर जोडून उजव्या बाकाखाली बसवलेल्या आहेत. आता २००० वॅटचा इन्व्हर्टर आणि ४० अँपियरचा चार्जर घेतला आहे. वायरमन म्हणतो की इंजिनाच्या खोलीत जागा भरपूर आहे, तिथेच दोन्ही लावू. माझ्या सोबत्याचे म्हणणे असे की किटली आणि मिक्सर स्वयंपाकाच्या ओट्यावर वापरायचे आहेत, तेव्हा इन्व्हर्टर ओट्याजवळ, म्हणजे डाव्या बाजूला असावा. मला स्वतःला नकाशाच्या टेबलाखालची जागा बरी वाटते. आपला सल्ला काय? — एक वाचक, मुंबई

उत्तर : आपण सुचवलेल्या तिन्ही जागांपैकी एकही आम्हाला पसंत नाही, आणि त्याची कारणे सविस्तर देणे भाग आहे, कारण जागा एकदा चुकली की पुढे कितीही चांगली केबल आणि कितीही महागडे यंत्र घेतले तरी ती चूक भरून निघत नाही.

आधी ओट्याचा विचार करू. इन्व्हर्टर जिथे वीज वापरायची तिथे असावा, हा समज घरातल्या अनुभवातून येतो. बोटीवर मात्र गणित नेमके उलटे आहे. इन्व्हर्टरमधून २००० वॅट घ्यायचे आणि त्याची कार्यक्षमता ९० टक्के धरायची, तर १२ व्होल्टच्या बाजूला सुमारे १८५ अँपियर प्रवाह वाहतो. तांब्याच्या ७० चौरस मिलिमीटर जाडीच्या केबलचा रोध मीटरला साधारण पाव मिली-ओहम असतो. बॅटरीपासून ओट्यापर्यंत फरशीखालून पाच मीटर केबल गेली, तर जाऊन-येऊन ती दहा मीटर होते आणि तिच्यात जवळपास ०.४६ व्होल्ट हरवतात. ऐकायला हा आकडा किरकोळ वाटतो, पण बॅटरीवर भार पडला की तिचा व्होल्टेज आधीच १२ च्या आसपास उतरलेला असतो आणि बरेच इन्व्हर्टर ११ च्या आसपास कुरकुरायला लागतात, म्हणजे हाताशी जेमतेम एक व्होल्ट उरतो आणि त्यातला निम्मा नुसत्या केबलमध्येच जातो. बॅटरीत वीज शिल्लक असतानाही इन्व्हर्टर धोक्याचा इशारा देऊन बंद पडतो आणि मालक निष्कारण बॅटरीला दोष देत बसतो. हेच अंतर सव्वा मीटरवर आणले, तर तोटा ०.११ व्होल्टवर येतो. उलट २३० व्होल्टच्या बाजूला तेच २००० वॅट जेमतेम ८.७ अँपियरवर वाहतात. अडीच चौरस मिलिमीटरच्या साध्या वायरमधून पाच मीटर नेले तरी २३० पैकी अर्धा-पाऊण व्होल्ट जातो, आणि तो किटलीला कळतही नाही. म्हणून जाड केबल आखूड ठेवावी आणि बारीक वायर हवी तितकी लांब न्यावी. ओट्यापर्यंत २३० व्होल्टची वायर जाऊ द्यावी, इन्व्हर्टर बॅटरीपाशी राहू द्यावा.

या हिशेबाने वायरमनचे म्हणणे वरवर पटण्यासारखे आहे, कारण इंजिनाची खोली बॅटऱ्यांपासून दूर नाही. पण तिथे उष्णता आड येते. इन्व्हर्टर आणि चार्जर यांच्यावर छापलेली ताकद बहुतेक वेळा २५ अंश सेल्सिअस तापमानासाठी असते. ३००० व्हीएच्या एका प्रचलित सागरी इन्व्हर्टर-चार्जरच्या माहितीपत्रकात २५ अंशांना २४०० वॅट, ४० अंशांना २२०० वॅट आणि ६५ अंशांना १७०० वॅट असे आकडे दिलेले आहेत. मुंबईत मे महिन्यात बंद केबिनमध्येच पारा ३५ च्या वर असतो. तासभर इंजिन चाललेल्या खोलीबद्दल तर बोलायलाच नको. त्यातही एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. त्या खोलीतली हवा सर्वांत जास्त तापते ती इंजिन चालू असताना नव्हे, तर ते बंद केल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात, कारण थंड करणारे पाणी फिरायचे थांबलेले असते, खोलीतली हवा ओढून घेणारे इंजिनही थांबलेले असते आणि लोखंडाच्या त्या धुडात साठलेली सगळी उष्णता बाहेर पडू लागते. नांगर टाकून इंजिन बंद केले की चहाची किटली लावली जाते ती नेमकी याच वेळी. शिवाय आपल्या इंजिनाच्या अल्टरनेटरचा पट्टा जिथे फिरतो तिथल्या भिंतीवर बोट फिरवून पाहा. काळी, बारीक भुकटी हाताला लागेल. ती झिजलेल्या रबराची भुकटी पंखेवाला इन्व्हर्टर आत ओढून घेतो, आणि खारट दमटपणात ती सर्किटच्या पाटीवर चिखलासारखी बसते. उत्तर युरोपातल्या थंड पाण्यात काही जण इंजिनाच्या खोलीत ही यंत्रे लावतात आणि ती टिकतातही. आपल्या समुद्रात तो दाखला लागू पडत नाही.

राहिले नकाशाचे टेबल. अंतराच्या आणि हवेच्या दृष्टीने ती जागा चांगली आहे, पण आपल्या बोटीत ती केबिनमध्ये उतरणाऱ्या जिन्याच्या अगदी लगत असणार. मागून एखादी लाट कॉकपिटमध्ये, म्हणजे सुकाणूपाशी बसण्याच्या उघड्या जागेत, आली, किंवा पावसात भिजलेला माणूस खाली उतरून टेबलाशी उभा राहिला, की पहिले पाणी तिथेच पडते. जिन्याचे दार नेहमी बंद राहील असे गृहीत धरून विजेच्या यंत्राची जागा ठरवू नये.

आमच्या मते योग्य जागा म्हणजे आपल्या उजव्या बाकाच्या पुढच्या टोकाला, डोलकाठीजवळच्या आडव्या, म्हणजे बोटीच्या रुंदीत उभ्या असलेल्या, भिंतीला लागून असलेला कपड्यांचा उभा लॉकर. या लांबीच्या बहुतेक बोटींत तो असतो. बॅटरीपासून केबल सव्वा मीटरच्या आत बसते, इंजिन दूर राहते, जिना दूर राहतो आणि वजन बोटीच्या मध्याजवळ येते. ट्रान्सफॉर्मर असलेला इन्व्हर्टर पंधरा-वीस किलोचा असतो, त्यामुळे हेही पाहावे लागते. लॉकरचा खालचा भाग जाळीदार फळीने वेगळा काढावा, म्हणजे लोंबकळणारे कपडे यंत्राच्या पंख्यावर येणार नाहीत. अगदी खाली मात्र जाऊ नये. बोट पंचवीस अंश कलली की बिल्जमध्ये, म्हणजे फरशीखालच्या तळात, साठलेले पाणी तळाच्या कडेने किती वर चढते ते ज्याने पाहिले आहे, तो बाकाच्या पातळीखाली इन्व्हर्टर लावायला धजणार नाही.

या लॉकरमध्ये एकच खोड असू शकते, आणि ती तपासल्याशिवाय एकही भोक पाडू नका. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी ताणून धरणाऱ्या तारा डेकला जिथे जोडल्या जातात, तिथल्या धातूच्या पट्ट्या पुष्कळदा याच लॉकरच्या आतल्या बाजूने खाली येतात, आणि जुन्या बोटींत डेकवरचे पाणी त्या पट्ट्यांच्या कडेने झिरपते. सुदैवाने आपल्याकडे याची परीक्षा निसर्गच घेतो. पावसाळ्यात बोट यार्डात असताना, लॉकरच्या आत जिथे यंत्र बसवायचे आहे तिथे वर्तमानपत्राचे कोरडे कागद चिकटपट्टीने लावावेत, एका मुसळधार दिवसापुरते ताडपत्रीचे आच्छादन काढावे आणि संध्याकाळी कागद पाहावेत. ओलीचा डाग कुठून सुरू होतो आणि कुठे उतरतो, हे कागद स्पष्ट दाखवतो. आधी गळती बंद करावी, आणि त्यानंतरही यंत्र त्या पट्टीच्या बरोबर खाली न लावता आडव्या भिंतीच्या आतल्या, म्हणजे बोटीच्या मध्यरेषेकडच्या भागावर लावावे. बोटीच्या बाहेरच्या कवचाला मात्र ते कधीही बसवू नये. समुद्राचे पाणी पलीकडे असल्याने कवचाच्या आतल्या बाजूला दव धरते आणि लाटांमध्ये ते कवच वाकत राहते.

यंत्र भिंतीवर उभे असावे आणि केबलची तोंडे खाली असावीत, म्हणजे थेंब पडला तरी तो जोडांत शिरणार नाही. केबलही यंत्रात शिरण्यापूर्वी एकदा खाली वळवून वर घ्यावी, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी वळणावरच टपकून जाते. प्लायवुड बारीक असेल तर मागून जाड फळी देऊन आरपार बोल्ट घालावेत. नुसते लाकडी स्क्रू वादळात वीस किलोचे हिसके सोसत नाहीत.

हवेबद्दल थोडे अधिक. पूर्ण भारावर आपला इन्व्हर्टर सुमारे २०० वॅट उष्णता सोडील, आणि लॉकरमधली हवा बाहेरपेक्षा दहा अंशांहून जास्त तापू द्यायची नसेल तर ताशी साधारण ६० घनमीटर हवा खेळली पाहिजे. त्यासाठी लॉकरच्या दाराला खाली आणि वर, अशी दोन्हीकडे तळहाताहून मोठी झरोक्याची जागा द्यावी. फक्त वर दिलेल्या जाळीने हवा फिरत नाही. पण इन्व्हर्टरचा हा भार दहा मिनिटांचा असतो. खरा विचार चार्जरचा करायला हवा. ४० अँपियरवर चालणारा चार्जर ७० ते ८० वॅट उष्णता सोडतो आणि ती तासन्‌तास सोडत राहतो. मूरिंगवर तुम्हाला किनाऱ्याची वीज मिळत नाही, तेव्हा हा चार्जर मुख्यतः यार्डातच चालणार, म्हणजे जून ते सप्टेंबर, जेव्हा बोट ताडपत्रीखाली बंद असते, हवा ओलीचिंब असते आणि आठवडाभर कोणी आत डोकावत नाही. म्हणून चार्जर इन्व्हर्टरच्या वर नव्हे, तर शेजारी किंवा खाली असावा, दोघांत किमान दहा सेंटिमीटर अंतर असावे, आणि चार्जरबरोबर येणारी तापमानाची संवेदक वायर बॅटरीच्या टोकावर जोडलीच पाहिजे. बाकाखालच्या बॅटऱ्या आणि लॉकरमधला चार्जर यांच्या तापमानात फरक राहणार. संवेदक नसेल तर चार्जर अंदाजाने व्होल्टेज देतो आणि आपल्या उकाड्यात तो अंदाज बॅटरीला जास्त व्होल्टेज देण्याकडेच झुकतो.

बॅटऱ्या ज्या पेटीत आहेत तिच्या बरोबर वर किंवा तिच्या आत दोन्ही यंत्रांपैकी काहीही लावू नये. एजीएम बॅटरी बंद असली तरी चार्जिंग बिघडले की तिच्या झडपेतून हायड्रोजन सुटू शकतो. तो हलका असल्याने वर जातो, आणि हवेत चार टक्के झाला की एका ठिणगीने पेटतो. पेटीच्या बाजूला, फळीच्या पलीकडे, ही आपल्याला हवी ती जागा.

फ्यूज मात्र इन्व्हर्टरपाशी न लावता बॅटरीपाशी लावावा. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या नियमाप्रमाणे तो साधारणतः बॅटरीपासून ७ इंचांच्या आत असतो, कारण तो यंत्राला नव्हे, केबलला वाचवण्यासाठी आहे. नेमका किती अँपियरचा घ्यावा ते इन्व्हर्टरच्या पुस्तिकेत पाहावे. या ताकदीला तो बहुधा २५० ते ३०० चा असतो. केबल कल्हई केलेल्या तांब्याची घ्यावी. बाजारात सहज मिळणारी वेल्डिंगची केबल लवचीक आणि स्वस्त असते, पण तिच्या तारांना कल्हई नसते, आणि खारी हवा एकदा टोकाशी शिरली की आतले तांबे हिरवेकाळे होत जाते.

प्रश्न : माझी २४ फुटी छोटी शिडाची बोट मांडवी नदीत असते. मागे पेट्रोलवर चालणारे आउटबोर्ड इंजिन आहे आणि त्याची सुटी टाकी कॉकपिटच्या लॉकरमध्ये ठेवतो. बॅटरीही तिथेच आहे. छोटा चार्जर आणि ३०० वॅटचा इन्व्हर्टर त्याच लॉकरमध्ये लावला तर केबल अगदी आखूड बसेल. चालेल का? — एक वाचक, पणजी

उत्तर : नाही. आखूड केबलचा आग्रह आम्ही वर धरला आहे, पण पेट्रोल जिथे आहे तिथे तो आग्रह संपतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती लॉकरच्या तळाशी साचते, आणि चार्जरमधला रिले (आपोआप चालू-बंद होणारा स्विच) किंवा पंख्याची मोटर तिला पेटवायला पुरेशी आहे. ठिणगी बाहेर पडू न देणारी, त्या कसोटीवर उतरलेली उपकरणे निराळी असतात आणि साधे इन्व्हर्टर त्यांत मोडत नाहीत. स्वयंपाकाच्या गॅसची वाफही अशीच जड असते, म्हणून सिलिंडरच्या लॉकरलाही हाच नियम लावावा. आपल्या बोटीत बॅटरीसुद्धा त्या लॉकरमधून हलवावी आणि केबिनमध्ये, जिन्याच्या पायरीच्या पुढे, झाकणाच्या पेटीत घट्ट पट्ट्याने बांधून ठेवावी. मग ३०० वॅटचा इन्व्हर्टर तिच्या शेजारी केबिनच्या भिंतीवर बसेल. त्याला जेमतेम २८ अँपियर लागतात. केबल फूटभर लांबली तरी काही बिघडत नाही.

प्रश्न : घरी लोडशेडिंगच्या काळात घेतलेला इन्व्हर्टर आणि १५० अँपियर-अवरची ट्युब्युलर बॅटरी पडून आहे. ती बोटीवर नेता येईल का? — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : वस्तू चांगल्या आहेत, पण त्या न हलणाऱ्या घरासाठी केलेल्या आहेत. ट्युब्युलर बॅटरीत पातळ आम्ल असते आणि ती उंच असते. शिडाची बोट एका बाजूला तासन्‌तास कललेली चालते. तेवढा वेळ आम्लाची पातळी एका कडेला उतरते, वरच्या बाजूच्या प्लेटा उघड्या पडतात आणि झाकणांच्या भोकांतून आम्ल बिल्जमध्ये उतरू शकते. या बॅटरीला चार्ज होताना हायड्रोजनही पुष्कळ सुटतो. पन्नास-साठ किलोचे हे ओझे बांधून ठेवणे हा आणखी एक प्रश्न.

इन्व्हर्टरबद्दलची हरकत अधिक गंभीर आहे. घरात अर्थिंगची वायर जमिनीत पुरलेली असते आणि इन्व्हर्टर त्या व्यवस्थेवर विसंबून असतो. मूरिंगवरच्या बोटीला ती जमीन नाही. सागरी इन्व्हर्टर स्वतः वीज तयार करत असताना न्यूट्रल आणि बोटीचे अर्थिंग आतूनच जोडतो, आणि किनाऱ्याची वीज आली की ती जोडणी रिलेने आपोआप तोडतो. ही जोडणी नसेल, तर गळती होऊन यंत्राच्या अंगात वीज उतरली तरी ३० मिलिअँपियरचा सुरक्षा-स्विच पडत नाही, आणि ओल्या पायाने उभ्या असलेल्या माणसाला तो वाचवील या भरवशावर आपण राहतो. बाहेरचा पत्रा गंजला तर रंग देता येईल. ही उणीव रंगाने झाकता येत नाही. ही जोडी घरीच वापरावी.

प्रश्न : मागच्या हंगामात १२ व्होल्टचा, २००० वॅटचा इन्व्हर्टर बसवून घेतला. जागा कोरडी आहे, केबलही जाड आहे. पण विजेची किटली लावली की ऑटोपायलट बोट भलतीकडे वळवतो, आणि किटली बंद झाली की पुन्हा मार्गावर आणतो. ऑटोपायलटच्या होकायंत्राचा संवेदक बाकाखाली, इन्व्हर्टरपासून दीड मीटरवर आहे. दोष कशात आहे? — एक वाचक, अलिबाग

उत्तर : आपण अलिबागचे आहात, म्हणून आधी आपल्याच गावातली एक गोष्ट. मुंबईत विजेच्या ट्राम येणार हे ठरल्यावर कुलाबा वेधशाळेतली चुंबकीय मोजणी तिथे चालू ठेवणे अशक्य होईल हे दिसू लागले, आणि त्यामुळे १९०४ मध्ये ती अलिबागला नेण्यात आली. तारेतून वाहणारा प्रवाह आपल्याभोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो, आणि पृथ्वीचे क्षेत्र त्यापुढे किती दुबळे आहे हे त्या शास्त्रज्ञांना पक्के ठाऊक होते. आपल्या भागात त्या क्षेत्राचा आडवा घटक सुमारे ३८ मायक्रोटेस्ला (हे चुंबकीय क्षेत्राच्या जोराचे माप) आहे. एकट्या तारेतून १८० अँपियर वाहत असतील तर एक मीटर अंतरावर ३६ मायक्रोटेस्लाचे क्षेत्र तयार होते, म्हणजे जवळजवळ पृथ्वीइतकेच. ते उत्तरेशी काटकोनात आले तर होकायंत्राची सुई चाळीस अंशांहून अधिक ढळेल. आपला ऑटोपायलट त्या संवेदकावर विश्वास ठेवून इमानाने सुकाणू फिरवतो आहे.

दोष इन्व्हर्टरच्या पेटीत असण्यापेक्षा केबलच्या वाटेत असण्याची शक्यता जास्त आहे. जुन्या बोटींत लाल केबल बॅटरीकडून एका बाजूने येते आणि काळी केबल इंजिनाच्या सामायिक ऋण टोकावरून, दुसऱ्याच बाजूने, अर्धी बोट वळसा घालून येते. त्या दोघींच्या मध्ये जो मोठा फेरा तयार होतो, त्याच्या आत किंवा कडेला आपला संवेदक सापडला असावा. जाणारा आणि येणारा प्रवाह सारखाच असतो. दोन्ही केबली अंगाला अंग लावून, शक्य तर एकमेकींभोवती पिळून नेल्या, तर त्यांची क्षेत्रे एकमेकांना जवळजवळ पुसून टाकतात. दोन केबलींच्या मध्यांत अडीच सेंटिमीटर अंतर असेल, तर तेच १८० अँपियर दीड मीटरवर अर्ध्या मायक्रोटेस्लाहून कमी क्षेत्र देतात, म्हणजे चूक अंशाच्या आसपास किंवा त्याहून कमी. पण तीच जोडी संवेदकापासून साठ सेंटिमीटरवरून गेली, तर चूक जवळपास चार अंशांवर जाते. म्हणून काळी केबल इंजिनाकडून न आणता थेट बॅटरीच्या ऋण टोकावरून, लाल केबलच्या सोबतीने आणावी, आणि ती जोडी संवेदकाजवळून जात असेल तर संवेदकच हलवावा. नाळेकडच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडच्या, एखाद्या कोरड्या लॉकरमध्ये तो सुखाने राहील, कारण त्याची वायर बारीक असते आणि ती लांबवता येते. बॅटरीवर प्रवाहमापक बसवला असेल तर काळी केबल त्याच्या बोटीकडच्या टोकाला जोडावी, नाहीतर इन्व्हर्टरने घेतलेली वीज मोजलीच जाणार नाही.

तपासणीसाठी पाण्यावर जाण्याची गरज नाही, उलट मूरिंगवर बोट सतत फिरत असल्याने तिथे काहीच कळत नाही. बोट यार्डात घोडीवर (टेकवून ठेवण्याच्या लोखंडी चौकटीवर) असताना ऑटोपायलटचा पडदा चालू करावा, दिसणारा अंश लिहून घ्यावा, किटली लावावी आणि पुन्हा पाहावे. घोडीच्या लोखंडामुळे मूळ आकडा चुकीचा असेल, पण तो चुकीचा असला तरी स्थिर असतो, आणि आपल्याला फक्त किटलीने पडणारा फरक हवा आहे. घोडी ज्या दिशेला आहे त्या एकाच दिशेचा हा फरक असतो, म्हणून तो शून्य आला तरी एवढ्यावर समाधान मानू नये. हातातले साधे होकायंत्र केबलच्या वाटेने सरकवत नेऊन, किटली चालू असताना सुई कुठे हलते तेही पाहावे. कॉकपिटमधल्या मुख्य होकायंत्रावरही हाच प्रयोग करावा. केबली बदलल्यावर फरक एका अंशाच्या आत आला, की हंगामाच्या सुरुवातीला वारा पडलेल्या सकाळी, किटली बंद ठेवून, ऑटोपायलटच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे बोट सावकाश गोल फिरवून संवेदकाचे नव्याने मापन करून घ्यावे.